नकोशा संदेशांची दलाली : खरोखर पैसा मिळतो काय?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक संदेश आला होता. ‘घरबसल्या खरेदी करा, सर्वांत कमी दर, आज शेवटचा दिवस’ असा त्याचा मजकूर होता व खाली एक निळी लिंक होती. तो शेवटचा दिवस पुढे तीन आठवडे चालला. तो संदेश पाठविणारी मी होते. एकंदर २१४ जणांना मी तो प्रत्येकी सहा वेळा पाठविला. ज्यांना त्याचा उपद्रव झाला त्यांची मी ह्या अंकातून प्रथम क्षमा मागते.

क्षमा मागितल्यानंतर एक प्रश्न उरतो व तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला सोडता येण्यासारखा नाही. असे संदेश जगभर रोज कोट्यवधींनी पाठविले जातात. ते कोणालाच आवडत नाहीत. मग पाठविणारे थांबत का नाहीत? ह्या धंद्यात पैसा असलाच पाहिजे, असे सर्वजण गृहीत धरतात; मीही धरले होते. ते गृहीत कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

हा धंदा म्हणजे काय?

माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. त्यामुळे दलाली हा शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीपासून ऐकत आले आहे. अडत्या माल पिकवीत नाही, विकतही घेत नाही. तो विकणाऱ्याची व घेणाऱ्याची गाठ घालून देतो आणि शेकडा ठरलेली रक्कम घेतो. इंटरनेटवरील ॲफिलिएट व्यवसाय हा ह्याच जातीचा आहे. मोठी विक्रीसंस्था दलालाला त्याच्या सांकेतिक क्रमांकाची लिंक देते. त्या लिंकवरून गेलेल्या गिऱ्हाइकाने ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर दलालाला त्या किमतीवर काही टक्के मिळतात. ॲमेझॉनने अशी योजना १९९६ मध्ये सुरू केली व तेव्हापासून ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

ह्यात मुळात वाईट काही नाही. एखाद्याने दहा पुस्तके वाचून त्यांतील चांगली कोणती ते सांगितले व दलाली घेतली, तर ती त्याच्या श्रमाची मजुरी झाली. पण वस्तू न पाहताच तिच्याविषयी लिहिणे, इकडचे तिकडचे मजकूर जोडून पाने भरणे आणि मग ती पाने न मागता लोकांच्या गळी मारणे, हा ह्या व्यवसायाचा खालचा थर होय. मी स्वतः त्याच थरात काम केले. आमच्या घरी मिक्सर नाही. आई पाट्यावर वाटते. असे असूनही ‘सर्वोत्तम दहा मिक्सर’ हा लेख मी एका दुपारी लिहून काढला होता.

न मागता आलेल्या संदेशांना स्पॅम म्हणतात. हे मूळचे डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव. १९७० सालच्या एका ब्रिटिश विनोदी प्रसंगात तोच शब्द पुनःपुन्हा ओरडून इतर सर्व बोलणे बुडवून टाकले जाते. त्यावरून हे नाव पडले. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने त्या काळच्या संगणक जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना एकदम जाहिरात पाठविली. हा ह्या प्रकाराचा पहिला नमुना मानला जातो. पुढे एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली. लोक संतापले, पण आपल्याला त्यातून लाखभर डॉलर मिळाले, असे त्या दांपत्याने जाहीर केले. असे काम करणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी लोकांचा संताप विसरून हा लाखाचा आकडाच लक्षात ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही.

एका मोजणीची हकीकत

धंदा करणारा आपल्या नफ्याविषयी खरे सांगतोच असे नाही. म्हणून त्याच्या सांगण्यावर न विसंबता कोणी मोजले आहे काय, ते पाहावे लागते. सुदैवाने अशी मोजणी २००८ मध्ये झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो व बर्कले येथील संशोधकांनी ती केली.

त्या वेळी ‘स्टॉर्म’ नावाचे एक जाळे पसरलेले होते. लोकांच्या नकळत त्यांच्या संगणकांत शिरलेल्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने ते जाळे औषधांच्या जाहिराती पाठवीत असे. संशोधकांनी ह्या जाळ्याच्या एका भागात प्रवेश मिळविला व जाणाऱ्या पत्रांतील लिंक बदलून तेथे आपण तयार केलेल्या दुकानाची लिंक घातली. ते दुकान हुबेहूब होते; मात्र गिऱ्हाईक शेवटच्या टप्प्याला आले की चूक दाखविली जाई. कोणाकडूनही पैसे घेतले गेले नाहीत. किती जण खरेदीपर्यंत पोचतात, एवढेच मोजावयाचे होते.

आता आकडे पाहू. २६ दिवसांत सुमारे ३४ कोटी ७५ लाख पत्रे निघाली. त्यांतील जेमतेम चौथा हिस्सा समोरच्या टपाल-संगणकांनी स्वीकारला. दुकानापर्यंत १०,५२२ भेटी झाल्या. आणि खरेदीला तयार झालेले? अवघे २८. म्हणजे साधारण १ कोटी २४ लाख पत्रांमागे एक गिऱ्हाईक. ह्या २८ खरेद्यांची एकूण किंमत २,७३२ डॉलरच्या आतबाहेर होती. म्हणजे दिवसाला शंभर डॉलरांहून थोडी अधिक.

हे वाचून धंदा अगदीच फोल आहे, असे कोणासही वाटेल. परंतु संशोधकांच्या हाती त्या जाळ्याचा फार लहान, म्हणजे शेकडा दीड एवढाच भाग होता. संपूर्ण जाळ्याचा अंदाज त्यांनी दिवसाला सुमारे सात हजार डॉलर विक्री असा काढला. हा आकडा लहान नाही.

मला सर्वांत उद्बोधक वाटला तो त्यांचा पुढील हिशेब. दुसऱ्याकडून अशी पत्रे पाठवून घ्यावयाची, तर त्या वेळचा दर दहा लाखांस सुमारे ८० डॉलर सांगितला जात असे. त्या दराने ही सर्व पत्रे पाठविण्यास २५ हजार डॉलरांहून अधिक खर्च आला असता आणि विक्री तर पावणेतीन हजारांच्याही आत! म्हणजे पत्रे पाठविण्याचे भाडे भरून हा धंदा करणारा बुडालाच असता. ज्याच्या मालकीचे जाळे आहे, ज्याला टपालखर्च जवळजवळ शून्य आहे, त्यालाच तो परवडतो. म्हणून पत्रे पाठविणारे व जाळे चालविणारे हे बहुधा एकच असावेत, असा तर्क संशोधकांनी केला. आपल्याकडे ज्याचा स्वतःचा ट्रक आहे त्याला जो भाजीचा व्यवहार परवडतो, तोच भाड्याच्या ट्रकवाल्याला परवडत नाही. तसेच हे आहे.

मोठे दलाल, लहान दलाल

तरीही एक शंका उरते. एका जाळ्यावरून सर्व धंद्याचे अनुमान कसे करावे? ह्याचे उत्तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सापडते. ‘ग्लावमेड’, ‘स्पॅमइट’ व ‘आरएक्स-प्रमोशन’ ह्या औषधविक्रीच्या तीन दलाली योजनांच्या आतल्या नोंदी बाहेर फुटल्या होत्या व त्या संशोधकांच्या हाती आल्या. चार वर्षांच्या ह्या नोंदींत १७ कोटी डॉलरांहून अधिक विक्री नोंदलेली होती. दलालाला विक्रीच्या ३० ते ४० टक्के मिळत. तेव्हा पैसा आहे, हे मान्यच करावयास हवे.

पण तो कोणाला मिळाला? वरच्या दहा टक्के दलालांनी एकूण विक्रीपैकी ७५ ते ९० टक्के विक्री केली. उरलेल्या नव्वद टक्के दलालांना मिळून उरलेसुरले. सरासरी ही फसवी असते, असे आमचे सर संख्याशास्त्राच्या तासाला नेहमी सांगतात. ते मला पुस्तकातून जेवढे समजले नव्हते, तेवढे ह्या एका उदाहरणाने समजले. गावात एकाची शंभर एकर जमीन व नऊ भूमिहीन असतील, तर सरासरी प्रत्येकाला दहा एकर जमीन आहे असे निघते. परंतु त्या सरासरीवर कोणाची चूल पेटत नाही.

योजना चालविणाऱ्यांचेही सर्व सुरळीत होते असे नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात संशोधकांनी अशा दुकानांतून स्वतः वस्तू मागविल्या व पैसा कोणत्या वाटेने जातो ते पाहिले. जाहिराती असंख्य, दुकानेही असंख्य. परंतु औषधे, नकली वस्तू व सॉफ्टवेअर ह्यांच्या अशा व्यवहारांपैकी ९५ टक्के पैसा केवळ मूठभर बँकांतून वाहत होता. पुढे कार्ड कंपन्यांच्या मदतीने ती खाती बंद होऊ लागली, तेव्हा ह्या दुकानांची खरी अडचण झाली. पत्रे अडवून जे साधले नव्हते, ते गल्ला अडविल्याने साधू लागले.

शोधयंत्रांची चाळण

पत्रांचा मार्ग कठीण झाल्यावर खालच्या थरातील पुष्कळांनी दुसरा मार्ग धरला. गूगलसारख्या शोधयंत्राला फसवून आपले पान वरच्या क्रमांकावर आणावयाचे, म्हणजे गिऱ्हाईक आपण होऊन येईल. त्यासाठी हजारो निकृष्ट पाने लिहावयाची व इतरत्र आपल्याच लिंक पेरून ठेवावयाच्या. हा प्रकार काही वर्षे चांगला चालला. मग फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला. त्याचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर झाला. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आला. त्याचा रोख पेरलेल्या लिंकवर होता. मार्च २०२४ मध्ये ढिगाने तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध नवे नियम आले. प्रत्येक वेळी रातोरात कित्येकांचे उत्पन्न थांबले.

दलालीचा दरही दलालाच्या हाती नसतो. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतील फर्निचरवरची दलाली ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली, किराण्यावरची ५ वरून १ वर. जमीन दुसऱ्याची, पाणी दुसऱ्याचे आणि भावही दुसऱ्याने ठरवावयाचा, अशी ही शेती आहे.

त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे असा मजकूर तयार करणे जवळजवळ फुकट झाले आहे. ह्यामुळे लहान माणसाचा फायदा होईल, असे वरवर पाहता वाटते. पण आपण पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात शिकतो की, ज्या धंद्यात शिरण्यास काही अडथळा नाही, त्यातील जादा नफा टिकत नाही. जे एका दुपारी मी लिहू शकते, ते दुसरा लाखजण लिहू शकतात; तेव्हा त्याची किंमत शून्याकडे जाणार, हे ओघानेच आले.

नफा कोणाचा, खर्च कोणाचा?

आतापर्यंत आपण फक्त पाठविणाऱ्याच्या बाजूने हिशेब केला. परंतु कारखान्याचा नफा मोजताना नदीत सोडलेले सांडपाणी मोजावयाचे नाही काय? जस्टिन राव व डेव्हिड रायली ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये स्पॅमच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे ह्या उपद्रवामुळे अमेरिकेतील कंपन्या व ग्राहक ह्यांना वर्षाला सुमारे २,००० कोटी डॉलरांचा भुर्दंड बसतो. आणि पाठविणाऱ्यांची व त्यांच्या व्यापाऱ्यांची जगभरची मिळून ढोबळ मिळकत २० कोटी डॉलरांच्या घरात जाते. म्हणजे एकाने एक डॉलर मिळवावा, म्हणून इतरांनी शंभर गमवावयाचे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे ह्याहून ठळक उदाहरण मला आढळले नाही.

आमचा हिशेब

आता माझ्या घरचा ताळेबंद मांडते. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, विद्युत शाखेची पदविका घेऊन दोन वर्षे घरी होता. त्याने ‘महिन्याला लाख रुपये’ शिकविणारा एक अभ्यासक्रम ८,५०० रुपये भरून घेतला. ते पैसे काकूंनी बचत गटातून दरमहा शेकडा दोन व्याजाने उचलले. संकेतस्थळाला ३,२०० रुपये लागले. अकरा महिन्यांचे व्याज १,८७० रुपये झाले, मुद्दल तसेच राहिले. एकूण १३,५७० रुपये. ह्या अकरा महिन्यांत दलाली मिळाली १,३८६ रुपये. तोटा १२,१८४ रुपये. दादा रोज तीन तास बसत असे. त्या तासांनी मिळकतीला भागले, तर तासाला दीड रुपयाहूनही कमी पडतो.

ह्यात माझा वाटा असा. दादाने मला वर्गातील क्रमांक मागितले व निम्मी दलाली देऊ केली. मला सहलीचे पैसे हवे होते. मी क्रमांक दिले नाहीत, संदेश स्वतःच पाठविले. तेवढ्याने आपण काही गैर करीत नाही, असे मनाशी ठरवून टाकले. २१४ पैकी १९ जणांनी लिंक उघडली व एकाने ४५० रुपयांचे इअरफोन घेतले. पाच टक्क्यांनी साडेबावीस रुपये दलाली झाली. माझे सव्वा अकरा.

कॅलिफोर्नियातील मोजणीशी तुलना केली, तर माझे यश डोळे दिपविणारे ठरते! तेथे सव्वा कोटीच्या आसपास पत्रांमागे एक गिऱ्हाईक, येथे २१४ माणसांमागे एक. ह्याचे कारण उघड आहे. त्या पत्रांना नाव नव्हते. माझ्या संदेशाला माझे नाव होते. त्या मुलाने माझ्या शब्दावर इअरफोन घेतले. महिन्याच्या आत त्यांचा एक कान बंद पडला. त्याने मला वाचनालयाबाहेर थांबवून विचारले, “तू लिहिलं होतंस ना चांगले आहेत म्हणून? तू वापरलेस का?” मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या बाजूचाही खर्च मांडला पाहिजे. २१४ जणांना सहा वेळा, म्हणजे १,२८४ संदेश. प्रत्येकी दहा सेकंद धरले, तरी लोकांचे साडेतीन तासांहून अधिक गेले. तेही साडेबावीस रुपयांसाठी. शिवाय मी वर्गाच्या गटातही तेच टाकीत असल्यामुळे एका मैत्रिणीने कंटाळून त्या गटाचा आवाज बंद करून ठेवला. परीक्षा अर्जाच्या मुदतीची सूचना त्याच गटावर आली व ती तिला उशिरा कळली. तिला विलंब शुल्क भरावे लागले. ते मी भरून देऊ केले. तिने घेतले नाही. माझ्या सव्वा अकरा रुपयांसमोर तो आकडा मांडला, म्हणजे दोन अर्थशास्त्रज्ञांचे एकास शंभर हे प्रमाण मला आपल्या वर्गातच सापडते.

ह्या सर्व प्रकरणात निश्चित पैसे मिळाले ते एकालाच, अभ्यासक्रम विकणाऱ्याला. जत्रेत नवस करणाऱ्याचे काय होते ते देव जाणे. नारळ विकणाऱ्याचे पैसे मात्र त्याच दिवशी गाठीला पडतात.

हा हिशेब मी सुट्टीत दादासमोर मांडला. तो रागावेल असे वाटले होते. तो बराच वेळ कागद पाहत राहिला व म्हणाला, “व्याज मी धरलंच नव्हतं.” वडील बाजूला बसून ऐकत होते. त्यांना संकेतस्थळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांनी एवढेच विचारले, “अडत्यासुद्धा पोत्यात हात घालून माल बघतो. तुम्ही बघितला होता का?” दादा आता तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला जातो. बचत गटाचे चार हप्ते राहिले आहेत.

निष्कर्ष

सारांश, निकृष्ट संकेतस्थळे व नकोसे संदेश ह्यांच्या धंद्यात पैसा मुळीच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो आहे; पण ज्यांची स्वतःची जाळी आहेत, ज्यांना पाठविण्याचा खर्च जवळजवळ नाही व ज्यांना कायद्याची भीती नाही, अशा थोड्यांकडे तो जातो. लहान दलालाच्या वाट्याला प्रायः तोटाच येतो. त्याच्याजवळ जाळे नसते, म्हणून तो आपल्या ओळखीची माणसे वापरतो. आणि ती संपली की त्याचा धंदाही संपतो.

ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात आले आहे, अशा माझ्यासारख्या पुष्कळांना घरी चार पैसे द्यावेत असे मनापासून वाटते. अशांनाच हे अभ्यासक्रम विकले जातात. कोणी असा अभ्यासक्रम घेणार असेल, तर त्याने पैसे भरण्यापूर्वी मला जरूर भेटावे. आमच्या ताळेबंदाचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यात व्याजही धरले आहे.